विकतची माती

बालाघाट जिल्ह्याचा संसार जमिनीच्या पोटावर चालतो. मलाजखंडला तांबं निघतं, भरवेलीला मँगनीज निघतं, आणि भरवेलीची खाण आशियातल्या सगळ्यात खोल भूमिगत मँगनीज खाणींमध्ये मोजतात. वरच्या थरात धान. त्यातल्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे सरकारनेच शिक्का मारून सांगितलं की हा वास इथल्या मातीचा आहे, दुसरीकडे शोधू नका. अशा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठच्या गावात राहून, मी माती विकत आणली. कुरिअरने आणली. आणि मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला.

कन्हार, मोरंड, सिहार, बर्डी. आमच्या भागातल्या मातीचे हे प्रकार मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिले की निवृत्तीनंतरही झोपेत विचारले तरी सांगेन. काळी जड कन्हार, चुनखडीचे खडे असलेली मोरंड, धानाला चालणारी पिवळसर सिहार, आणि कोणालाच न चालणारी गोटाळ बर्डी. हाताला मात्र आयुष्यभर खडूच लागला. माझ्या हातून झाड जगत नाही ही गोष्ट आमच्या गल्लीत सर्वमान्य आहे. मनी प्लांट मारून दाखवणारा माणूस म्हणून पाहुण्यांशी माझी ओळख करून दिली जाते.

याउलट बायको. तिचं सगळं शास्त्र गच्चीवरच्या तेलाच्या रिकाम्या पिंपांमध्ये. बुडाला फुटलेलं कवेलू, वर शेणखत, त्यावर दारामागची माती आणि मूठभर राख. त्यात भेदरं लागतात, मिरच्या लागतात, सांबार तर नको नको म्हणेपर्यंत येतो. पुण्याचे पाहुणे आले की भेदरं म्हणजे टोमॅटो आणि सांबार म्हणजे कोथिंबीर हे त्यांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे असतं. बागेशी माझा संबंध एवढाच होता.

तो वाढवायला कारण झाला माझा भाचा.

भाचा टोरांटोला असतो. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर झाला आणि तिथल्या बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडं लावायची मुभा मिळाली. आपल्याकडे आंब्याची चार झाडं लावायची तरी भाऊबंदांची परवानगी लागते. तर याने तळघरात कापडी कुंड्यांमध्ये चार झाडं लावली. एकदा व्हिडिओ कॉलवर त्याने मला ती दाखवली. आधी शपथ घातली की आईला सांगायचं नाही. शपथेची गरज होती, कारण त्याच्या आईला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला, ती झाडं त्याच्या पाठीमागे एकदा ओझरती दिसली होती. ‘हे हिरवं काय रे?’ असं तिने विचारलं आणि घाबरून याच्या तोंडून निघालं, ‘तुळस.’ झालं. गोंदियातल्या तिच्या भजनी मंडळात त्याच संध्याकाळी बातमी पोचली की बर्फाच्या देशात जाऊनही पोरगा धर्म विसरला नाही, घरात चार-चार तुळशी ठेवल्यात, दिवा लावतो म्हणे दिवसभर! दिवा लावतो हे खोटं नव्हतं. चारशे वॅटचा होता.

‘मामा, झाडाकडे नका पाहू,’ भाचा म्हणाला, ‘माती पाहा.’

मी पाहिली आणि तिथेच माती खाल्ली. काळीभोर, भुसभुशीत, ओलसर. त्याने बोटाने उकरली तर आत गांडूळ. कडेला चिमुकलं तिपानी गवत. म्हणाला, ही जिवंत माती. रासायनिक खत नाही, काही मोजायचं नाही. झाडाला खाऊ घालायचं नाही, मातीला घालायचं. मातीतले जिवाणू आणि बुरशी ते पचवतात आणि झाडाच्या मुळाला वाढतात. एकदा नीट कालवून ठेवली की पुढे फक्त पाणी. पीक निघालं की तीच माती पुन्हा, वर्षानुवर्षं. ‘फक्त पाणी’ हे शब्द माझ्या निवृत्त कानांना फार गोड लागले.

त्याचं एक मत होतं, आणि ते मला अजून पटतं. म्हणाला, अमेरिका-कॅनडात कुंडीतल्या मातीचा असा बारीक विचार गांजावाल्यांनी केला, कारण त्यांना दार उघडता येत नव्हतं. वर्षानुवर्षं चोरून, तळघरात, दिव्याखाली. जुनी माती बाहेर टाकायला गेलं तर शेजारी बघणार, नवी पोती आणायला गेलं तर दुकानदार बघणार. मग आहे तीच माती जगवत राहायची. माणसाला पकडलं जाण्याची भीती असली की तो अभ्यास फार मन लावून करतो. माझ्या वर्गात हे कधी दिसलं नाही, पण तिथे शिक्षा फार तर बाकावर उभं राहण्याची होती.

आपल्याकडची शिक्षा वेगळी. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याच्या कलम २० खाली गांजाचं झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. गंमत अशी की इंग्रजांच्या काळी आमच्याच मध्य प्रांतात, खंडव्याला, सरकारी परवान्याने गांजा पिकायचा. १८९३-९४ साली सरकारने भांग-गांजावर एक मोठा आयोगही बसवला होता. त्याने हजारावर साक्षी घेतल्या, अहवालाचे खंडच्या खंड छापले आणि शेवटी असं म्हटलं की बेताने घेतली तर भांग फारसं कोणाचं बिघडवत नाही. आजही मध्य प्रदेशात भांगेचं सरकारमान्य दुकान असतं. हे सगळं मी बायकोला सविस्तर सांगितलं. तिने मधेच विचारलं, ‘तुम्हाला लावायचं काय आहे जी, नेमकं?’

‘भेदरं,’ मी म्हणालो.

‘मग खंडवा काऊन मधात आणून राहिले?’

मला खरोखर भेदरंच लावायची होती. पण घरात. बाहेर लावण्यात दोन अडचणी होत्या. एक, आमच्याकडे वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. दुसरी, माकडं. बायकोची पिंपं माकडांच्या तडाख्यातून कशी वाचतात हे मला आजही कळलेलं नाही. माझा अंदाज असा की ती तिला घाबरतात. तर मागची खोली, जिथे पूर्वी तांदळाची कोठी असायची, ती मी मागून घेतली. खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली आणि वर गुलाबी-जांभळा एलईडी दिवा टांगला. गणिताचे प्राध्यापक असलेल्या श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवारातून लोकांना शिकवलं की पानावर पडणारं ऊन हेच शेतकऱ्याचं खरं भांडवल. गणिताच्या माणसाला शेती जमते तर भूगोलाच्या माणसाला का नाही, असं म्हणत मी त्यांच्यापासून स्फूर्ती घेतली, आणि पहिलं काम म्हणजे सूर्य घराबाहेर ठेवला.

आता कृती. भाच्याने सांगितलेली कृती तिकडे अमेरिकेत फार मान्यता पावलेली आहे. एक तृतीयांश दलदलीतलं शेवाळी कुजकट, म्हणजे पीट. एक तृतीयांश हवा खेळवणारं काहीतरी. एक तृतीयांश उत्तम कंपोस्ट किंवा गांडूळखत. त्यात मुठी-मुठीने निंबोळी पेंड, करंज पेंड, समुद्री शेवाळाची भुकटी, खेकड्याच्या कवचाचा चुरा आणि बेसॉल्ट दगडाचं पीठ. भाचा म्हणाला, ‘करंज पेंड इथे महाग पडते मामा, इंडियातून येते.’ मी तेही उतरवून घेतलं: करंज पेंड, इंडियातून.

ही यादी पुढ्यात घेऊन मी जे केलं ते पाचवीतल्या पोराने केलं असतं तर मी त्याचा कान धरला असता. हवा खेळवण्यासाठी तिकडे धानाचं तूस वापरतात. बालाघाटात राइस मिल कुठे आहे हे विचारावं लागत नाही, तुसाचे डोंगर दिसतात. मी मागवलं परलाइट. ज्वालामुखीची काच तापवून फुगवलेली, पांढरी, हलकी. एकादशीच्या आदल्या रात्री सासूबाईंनी ते साबुदाणा समजून भिजत घातलं. सकाळी सगळं वर तरंगत होतं. त्यांनी भेसळीवर जे भाषण केलं ते ऐकण्यासारखं होतं, आणि भेसळ कोणी आणली हे कळल्यावर दुसरं केलं.

मग बेसॉल्टचं पीठ. सुबक पाकीट आलं, वर ज्वालामुखीचं चित्र. मागे बारीक अक्षरात माल कुठला ते लिहिलं होतं: महाराष्ट्रातला एक तालुका. दख्खनचं पठार बेसॉल्टचं आहे, सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं, आज उरलेला पसारा पाच लाख चौरस किलोमीटर! हा धडा मी किती पिढ्यांना घोकून घेतला. त्या पठारावर गावोगावी क्रशर आहेत आणि क्रशरखाली उडणारी जी धूळ लोक तोंडाला रुमाल बांधून टाळतात, ती किलोच्या भावाने मी घरपोच मागवली होती. त्याच खोक्यात सूक्ष्म अन्नद्रव्यांची एक पुडीही होती. घटक वाचले: जस्त, लोह, बोरॉन, तांबं, मँगनीज. ज्या जिल्ह्यातून तांबं आणि मँगनीज टनांनी बाहेर जातं, त्या जिल्ह्यात मी पन्नास ग्रॅम परत आणलं. कुणीतरी सुरुवात करायला हवीच होती.

पीट मिळेना, म्हणून नारळाच्या काथ्याचा भुसा. याची दक्षिणेकडून दाबलेली वीट येते, पाच किलोची, उशीएवढी. ती पाण्यात घालून फुलवायची. किती फुलते हे विटेवर लिहिलं होतं, पण मी लिहिलेलं वाचण्यापेक्षा वाचून दाखवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. मी ती वीट रात्री न्हाणीघरातल्या आंघोळीच्या बादलीत टाकली, वर दोन तांबे पाणी ओतलं, नळ बारीक सोडून ठेवला आणि झोपलो. पाच किलोच्या विटेचा सत्तर लिटर भुसा होतो. सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या आणि दार ढकललं जाईना.

खेकड्यांचं काम मात्र इथेच झालं. मासळीबाजारात एक ढीमर बाई खेकडे घेऊन बसते. मी तिला विचारलं, नुसती कवचं मिळतील का? तिने माझ्याकडे निरखून पाहिलं.

‘कवच? मास नाही पाहिजे?’

‘नाही, मास तुम्ही ठेवा.’

‘आन् पैसे?’

‘पैसे देतो ना.’

तिने शेजारणीला हाक मारली आणि माझ्याकडे बोट करून सगळी गोष्ट पुन्हा सांगितली. शेजारणीने विचारलं, ‘मास्तरच ना हे? तब्येत बरी हाय ना जी?’ मग दोघींनी मिळून मला एक सल्ला दिला की कवचं लोकांच्या उकिरड्यावर फुकट मिळतील, सकाळी लवकर जायचं. मी पैसे देऊन अख्खे खेकडे घेतले, कारण माणसाला इभ्रत असते. आमचं घर शाकाहारी. ते खेकडे आमच्या घरी जिवंत पोचले, पिशवीतून उतरले आणि पांगले. एक तर दिवाळीपर्यंत सापडला नव्हता. राहिलेल्यांची कवचं वाळवून मी कुठे कुटली हे बायकोने विचारलं तेव्हा मी खलबत्ता म्हणालो. मिक्सरचं भांडं तिने वासाने ओळखलं. ते भांडं आता खोलीतच असतं, माझ्या नावावर.

एवढं झाल्यावर कालवणं. ओटीवर ताडपत्री पसरून, ढीग करून, दोन्ही हातांनी. हा भाग मला फार आवडला, आणि तो मी कोणालाही सांगेन. काथ्याचा भुसा गार, खत कोमट, पेंडीचा कडवट वास आणि मधेच दगडाच्या पिठाची करकर. बायको दारात उभी राहून बघत होती. बराच वेळ ती काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, ‘शेणखत, राखेसारखं पीठ. माझ्याच पिंपातलं तर घालून राहिले.’

‘यात शास्त्र आहे,’ मी म्हणालो.

‘माझ्यात काय आहे?’

पेंडीचं प्रमाण मात्र शास्त्राबाहेर गेलं. निंबोळी आणि करंज आणायला गेलो तर खताच्या दुकानदाराने आग्रहाने मोहरीचीही दिली. ‘सर, सरसों की खली डालो, गर्मी देगी.’ तो खरं बोलत होता. मूठभर म्हटलेलं मी घमेल्याने घातलं, कारण गुरुजींच्या हाताला दानाची सवय नव्हती आणि गुणांच्या बाबतीत नाव वाईट होतं, ते धुऊन काढायचं होतं.

आणि जिवाणू हवेत म्हणून जीवामृत. अमरावतीकडचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांची कृती सरळ आहे. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन दोन-दोन किलो आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, काठीने ढवळायचं, वर गोणपाट टाकायचं. हे एकराचं माप. माझ्याकडे बारा कुंड्या. मी रीतसर भागाकार केला, शेण कमी, मूत्र कमी, पाणी कमी. फक्त गूळ आणि बेसन पूर्ण ठेवलं, कारण ते आधीच आणून झालं होतं. आणि गोणपाट टाकायचं कशाला, वास येईल, म्हणून ते सगळं पिण्याच्या पाण्याच्या वीस लिटरच्या कॅनमध्ये भरून बूच घट्ट लावलं. ज्यांनी ताडी किंवा मोहाची दारू पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. आमचा भाग मोहाचा आहे, आंबवण म्हणजे काय ते इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला नाही कळलं. दुसऱ्या रात्री मागच्या खोलीत बार झाला. समोरचे काका काठी घेऊन बाहेर आले, कोणीतरी ‘नक्सली’ असंही म्हणालं. आम्ही दिवा लावला. बूच छताला लागून खाली पडलं होतं, आणि छतावर बेसन, गूळ, शेण यांचा जो नकाशा उमटला होता तो साधारण दक्षिण अमेरिकेसारखा होता. बायकोने मला चिली दाखवायला सांगितला नाही, हा तिचा मोठेपणा.

याच मध्य प्रदेशात, देवास जिल्ह्यातल्या बजवाड्याला, दाभोलकरांचे शिष्य दीपक सचदे यांनी ‘अमृत माती’ करून दाखवली होती. वाळला पालापाचोळा शेण-गोमूत्र-गुळाच्या पाण्यात भिजवायचा, मातीशी थर द्यायचे, मग त्यावर सहा रसांची म्हणजे गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट अशी बियाणी पेरायची. एकविसाव्या, बेचाळिसाव्या, त्रेसष्टाव्या दिवशी ती थोडी थोडी कापून त्याच ढिगात घालायची. चार-पाच महिने लागतात. मला हे आधी का आठवलं नाही असं मी स्वतःला विचारलं, आणि उत्तर तयार होतं: चार-पाच महिने लागतात.

माझी माती तितके दिवस थांबली नाही. ती आठवड्यातच जिवंत झाली.

प्रथम तापली. ताजं खत, पेंड आणि गूळ एकत्र आले की जिवाणू जेवायला बसतात आणि जेवताना गरम होतात. खताच्या ढिगात साठ अंशांपर्यंत पारा जातो, ते ढिगाला शोभतं. कुंडीतून वाफ यायला लागली तेव्हा मी घरातलं तापाचं थर्मामीटर खुपसलं. ते बेचाळीसच्या पुढे जात नाही, हे मला त्याच्या काचेने सांगितलं. मग विकत आणलेली गांडुळं निघाली. उष्णता आणि मोहरी, दोन्ही त्यांना सोसत नाही. रात्री दाराखालच्या फटीतून ती रांगेने बाहेर पडली आणि सकाळी तुळशीवृंदावनाच्या ओल्या मातीत जाऊन राहिली. मग बुरशी, पांढरी, मऊ. भाच्याला फोटो पाठवला तर तो म्हणाला, अभिनंदन मामा! मग छत्र्या उगवल्या. मग चिलटं, इतकी की दिव्याखाली गुलाबी ढग दिसायचा. गुळामुळे मुंग्या. पेंडीमुळे उंदीर.

इथपर्यंत मी शांत होतो. चिलटांना खायला पाली आल्या तेव्हाही मी सासूबाईंना म्हणालो, ही अन्नसाखळी आहे, सहावीच्या पुस्तकात होती. उंदरांसाठी मांजर आली, तिने एका कुंडीत आपला विधी उरकला, हेही चक्रच. पण एका दुपारी कोपऱ्यातल्या कुंडीमागून हातभर, मग दोन हात, मग चांगली पुरुषभर धामण सरकत खिडकीकडे गेली. धामण बिनविषारी असते हे मला माहीत आहे. हे मी कोठीच्या माळ्यावरून ओरडून सगळ्यांना सांगितलं. बायकोने खाली उभं राहून विचारलं, ‘आता पुढं काय येते जी?’ कान्ह्याचं मुक्की फाटक आमच्याच जिल्ह्यात आहे. मी उत्तर दिलं नाही.

या सगळ्यात भेदरं होती. रोपं चार बोटं वर आली आणि पिवळी पडली. पेंड कुजताना इतका अमोनिया सुटत होता की खोलीत गेल्यावर माझेच डोळे झोंबायचे. ती कोवळी मुळं बिचारी आतच होती. मी पाणी घातलं. फक्त पाणी.

भाऊबीजेला दरवर्षी मी गोंदियाला बाईकडे, म्हणजे मोठ्या बहिणीकडे, जातो. यंदा मातीला टाकून जाता येईना, म्हणून बाईच आली, करंज्यांचा डबा घेऊन. गाडीतून उतरल्यापासून तिची एकच भुणभुण: पोराने सांगितलं, मामाने माझ्यासारखीच माती केली आहे. मग तशी तुळस इथे का नाही लावत? येत्या तुळशीच्या लग्नाला तीच ठेवू. मी विषय माकडांवर नेला, पावसावर नेला, शेवटी भाऊजींच्या मधुमेहावर नेला. काही उपयोग झाला नाही. ती मागच्या खोलीत गेली, मातीत बोट घातलं, वास घेतला आणि म्हणाली, ‘उकिरडा बरा केला तू.’

त्याच संध्याकाळी दारात पोलीस आला.

माझाच विद्यार्थी. दहावीला भूगोलात दोनदा राहिलेला, आता शिपाई, उंच, मिशीबिशी राखलेला. पाया पडला आणि ओशाळून उभा राहिला. म्हणाला, ‘सर, बुरा मत मानिए. रात को खिड़की से गुलाबी लाइट आती है, अखबार लगे हैं, बदबू आती है, धमाका भी हुआ था। किसी ने बोल दिया तो देखना पड़ता है।’ मी त्याला खोली दाखवली. त्याने टॉर्च मारला. बारा कुंड्या, बारा पिवळ्या काड्या. मी जिवंत मातीचं तत्त्व पहिल्यापासून सांगितलं. बेसॉल्टवर आलो तेव्हा त्याचा चेहरा दहावीत व्हायचा तसा झाला.

‘सर, ये टमाटर हैं?’

‘हो.’

‘हमारे थाने के पीछे जहाँ जूठा फेंकते हैं ना, वहाँ अपने आप उगे हैं। कल ही चटनी बनाई।’

बायको हसली नाही, चहा टाकायला आत गेली; आत मात्र हसली. शिपायाने वही काढली, काय लिहावं याचा विचार केला, लिहिलं. मी डोकावून पाहिलं: ‘टमाटर, १२ गमले।’ माझ्याकडे एकदा पाहून त्याने पुढे जोडलं, ‘मृत।’

आणि निघणार तेवढ्यात बाई बाहेर आली. गणवेशातला माणूस घरी आला की त्याला काहीतरी अभिमानाचं दाखवायचं, ही आमच्या घराण्याची रीत. ‘बाळा, ही माती माझ्या पोराने शिकवली याला. कॅनडात असते. घरात अशीच माती करून तुळस लावली आहे त्याने. थांब, फोटो दाखवते.’

मी खोकलो. मी ‘चहा’ म्हणालो. मी धामणीचं नाव घेतलं. बाईने फोन पुढे केला.

शिपायाने फोटो पाहिला. दोन बोटांनी मोठा केला. पानाची बोटं मोजत असावा, कारण त्याचे ओठ हलत होते. मग सावकाश मान वर करून त्याने माझ्याकडे पाहिलं.

‘सर, भांजे को भी भूगोल आपने ही पढ़ाया था?’

‘नाही नाही,’ मी म्हणालो, ‘तो गोंदियाला शिकला.’

‘अच्छा, गोंदिया,’ तो म्हणाला, आणि माझ्या जिवात जीव आला, कारण गोंदिया दुसऱ्या राज्यात आहे आणि एवढा भूगोल त्याचा पक्का होता. वही त्याने खिशात घातली. बाईने त्याच्या हातावर करंज्या ठेवल्या, आणि कॅनडाहून बी आलं की पहिलं रोप ठाण्याच्या अंगणात लावायला स्वतः आणून देईन, असं त्याला कबूल केलं.